चमचाभर विरजण

परवा संध्याकाळी वाटी घेऊन शेजारच्या फ्लॅटची बेल दाबली... विरजण मागायला. आमच्या फ्रीजमध्ये दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, तरी गेले.

लेक हसली, म्हणाली, आई, डोकं ठिकाणावर आहे ना? आहे गं बाई. पण तू तेव्हा बालवाडीत होतीस, तुला आठवायचं नाही, म्हणून इथंच लिहिते.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. कोल्हापुरात, कसबा बावड्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा वर्कशॉपमध्ये कामाला आणि माझ्या डोक्यात पिको-फॉलच्या मशीनचं वेड शिरलेलं... घरबसल्या चार पैसे येतील, लेकीच्या शाळेला होतील. पहिल्या हप्त्यासाठी एक महिना कडक काटकसर करायची, असं मीच जाहीर केलं.

केबल बंद. रिक्षा बंद, बसनं जायचं नाहीतर चालायचं. रविवारचं मटण बंद... कोल्हापूरच्या माणसाला रविवारी डाळ वाढली की तो कसा बसतो ते पाहिलंय का कधी? आमच्याकडं महिनाभर सुतक होतं.

आणि दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं. चहापुरतं आणि लेकीपुरतं. म्हणजे घरात दही लावणं बंद.

आता शेजारच्या अक्काबद्दल सांगायला हवं. सत्तरीची लिंगायत बाई, एका खोलीत एकटीच राहायची. माहेर निपाणीकडचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लांब दिलेली.

ती रोज दिवेलागणीला पदराखाली छोटी स्टीलची वाटी घेऊन यायची. "विरजण हाय काय गं?" मी चमचाभर द्यायची. मग ती उंबऱ्याशी टेकायची... गुडघे, जोंधळ्याचा भाव, लेकीचं न आलेलं पत्र. माझ्या पोरीला कानडीत आकडे शिकवायची, ओंदु, एरडु, मूरु... अर्ध्या-पाऊण तासानं "जातो मग" म्हणत उठायची. आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात.

काटकसर सुरू झाली त्याच संध्याकाळी ती आली. मी कणीक मळता मळताच सांगितलं, "अक्का, ह्या महिन्यात दूध कमी केलंय. दहीच लावत न्हाई, तर विरजण कुठलं?"

"बरं बरं. काटकसर चांगलीच असती की," म्हणाली आणि दारातूनच परतली. वाटी पुन्हा पदराखाली गेली.

खरं सांगते... मला सुटल्यासारखं वाटलं. स्वयंपाकाच्या ऐन घाईत तो पाऊण तास मला जड व्हायचा. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि माझ्या ते लक्षातही राहिलं नाही. पोरगी मात्र विचारायची, मूरुच्या पुढं काय ते.

महिना संपत आला होता. एका सकाळी दूध घालता घालता गवळी म्हणाला, "वैनी, आज्जींचं भांडं दोन दिस झालं भायेर न्हाई. गावाला गेल्यात व्हय?"

मधे एक भिंत होती हो... एकच. आणि मला माहीत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का चटईवर घोंगडी लपेटून पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ सुकलेले. उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं.

नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं आणि मी पाणी आणायला तिच्या चुलीकडं गेले. फडताळात गाडगं दिसलं. त्यात दही होतं, आंबून गेलेलं. शेजारी तीच स्टीलची वाटी, झाकून ठेवलेली... आणि तिच्यात बाजूला काढलेलं विरजण.

दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी तिला पेज भरवत होते, तेव्हा न राहवून विचारलं. अक्का, महिनाभर विरजण कुणाकडनं घेतलंत?

तिनं डोळे मिटले. "रोज दही लावत्यात त्या घरात विरजण सरतंय व्हय गं, येडे?"

खरंच की... आदल्या दिवशीचं दही घरात असतंच. चार वर्षं मी तिला चमचा चमचा विरजण देत होते आणि ही एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

मग तीच म्हणाली, "मोकळ्या हातानं कुणाच्या दारात रोज कसं जायाचं? काय तर काम नगं?"

मला रडू आवरलं नाही. मी अर्धा लिटर दूध कमी केलं होतं, आणि त्या दुधाबरोबर एका बाईचं आमच्या दारी यायचं निमित्तच काढून घेतलं होतं. वर पुन्हा काय छान चाललीय काटकसर म्हणून स्वतःवर खूश होते. त्याची लाज मला आजही वाटते.

वाचवलेल्यातलं बरंचसं दवाखान्यात गेलं, मशीन दिवाळीनंतर आलं. त्याचं काही वाटलं नाही. अक्का घरी आली, हिंडू-फिरू लागली, आणि एका दिवेलागणीला मीच वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. "अक्का, विरजण हाय काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. हातातल्या वाटीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हाय की. बस."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यात एक काकू राहायला आल्यात. मुलगा-सून दिवसभर बाहेर, यांचं दार बंद, आत टीव्हीचा आवाज.

परवा त्यांनी दार उघडलं, वाटीकडं बघून विचारलं, "तुमच्याकडं दही लावत नाहीत का?"

"संपलं हो आजच," मी म्हटलं.

खोटंच. अक्कानं शिकवलेलं... उद्या पुन्हा संपणार आहे.