ठाकूरसाहेबांचा माल

आमच्या गोंदियाच्या फळबाजारात उरलेला माल सडतो, किस्से मात्र साचत जातात. विलायती सफरचंदं आल्यापासून तर ठेवायला जागा नाही!

*

केशोरीचे एक पाटील किसनभाऊच्या ठेल्यावर आले. सफरचंद उलटसुलट करून म्हणाले, "याले स्टिकर काऊन नाही जी?"

"हिमाचलचा आहे. आपला देशी."

"देशी आहे, तं मंग भाव कायले सांगून राहिला?"

*

तेव्हापासून किसनभाऊ विलायती फळांचे स्टिकर काढून देशीवर लावू लागला. एकदा गडबडीत एक स्टिकर सीताफळावर गेला. गिऱ्हाईक चक्रावलं, "सीताफळ न्यूझीलंडचा?"

"नवीनच आला जी!"

त्या दिवशी पहिलं तेच विकलं गेलं.

*

नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर विदेशी पाहुणे येणार होते. मॅनेजरनं आमच्याकडून खास न्यूझीलंडच्या सफरचंदांची टोपली नेली. पाहुणे निघाले न्यूझीलंडचेच! त्यांनी शेजारच्या टेबलावरचे पेरू उचलले.

*

हिमाचलचे ठाकूरसाहेब माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या आडतीवर सफरचंदं पाठवतात. रोज फोन यायचा, "भाई, माल निकला?" मी म्हणायचो, "निकल रहा है."

यंदा ते स्वतःच ट्रकसोबत आले. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर मी घ्यायला गेलो, तर चहा ढवळत म्हणाले, "इस बार नहीं बिका, तो पेड़ कटवा दूँगा. पिताजी के लगाए हुए हैं."

मला वाईट वाटलं. पण माझ्या वाटण्यानं पेट्या हलत नाहीत. माल गोदामात लागला आणि तसाच राहिला.

*

दुसऱ्याच दिवशी ठाकूरसाहेब तापानं फणफणले. दवाखान्यात भरती करावं लागलं. परमुलखातला माणूस, म्हणून संध्याकाळी अख्खा बाजार भेटायला गेला. आडते, हमाल, किसनभाऊ, सगळेच. रिकाम्या हातानं कोण जाणार? ज्यानं त्यानं आपापल्या परीनं उत्तमातलं उत्तम आणलेलं.

पलंगाशेजारचा टेबल पिशव्यांनी भरला. ठाकूरसाहेबांनी एक पिशवी उघडली. न्यूझीलंड. दुसरी उघडली. तीही न्यूझीलंड. मग माझी उघडली. तिच्यातही न्यूझीलंडच. किसनभाऊ खिडकीबाहेर पाहू लागला.

ठाकूरसाहेब एकदम उठून बसले. तापातही चेहरा खुलला.

"क्या बात है! मेरा सारा माल निकल गया?"