तात्यांची पहार

पहारवाले तात्या भित्रे होते. आमच्या सणसर गावातल्या निम्म्या विहिरी त्यांनी खणलेल्या. दोराला धरून साठ फूट खाली सरसर उतरायचे. पण सपाट जमिनीची त्यांना धास्ती. लग्नाच्या मांडवातसुद्धा सतरंजीवर बसण्याआधी टाच आपटून बघायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागून टाचा आपटत चिडवत फिरायचो. ते हसून म्हणायचे, "आपटा, आपटा. सवय असल्याली बरी."

हातात कायम ती पहार, छातीएवढ्या उंचीची, टोकाला झिजून चकचकीत झालेली. एसटीत कंडक्टर कुरकुरला की तात्या शांतपणे म्हणत, "तिचं हाफ तिकीट फाड."

भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी भावाची आटलेली विहीर त्यांनी बुजवली होती. "मुरूम वाहायचा कटाळा केला, पोरी. उसाचं पाचट ढकललं, वर माती वढली. आन् भावाला सांगितलं, पक्की बुजवली." भावानं विश्वासानं तिथंच स्वयंपाकघर बांधलं. एका पावसाळ्यात सकाळी सकाळी चूल खाली गेली. वहिनी नेमकी पाण्याला गेली होती, म्हणून वाचली. "म्या बुजवली व्हती," तात्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पुढं मी लग्न होऊन बारामतीत आले, शाळेत शिक्षिका झाले. आम्ही गावाच्या कडेला प्लॉट बघितला. सगळीकडं काळी माती, पावसाळ्यात चिखल. त्यात हा एकच कोपरा उंच. एजंट म्हणाला, "मॅडम, इथं थेंबभर पाणी साचणार नाही." आम्हाला तेवढंच हवं होतं. तरी मी हट्टानं तात्यांना बोलावलं. ह्यांनी माझी थट्टाही केली.

तात्यांनी उताराच्या खालून पहार मारत सुरुवात केली. हातभर खाली गेली की मुरूम लागायचा, खण्ण आवाज यायचा. तो आवाज ऐकून मी निर्धास्त झाले. चार वर्षांची सई माझं बोट सोडून उंचवट्याकडं धावली. तात्याही तिच्या मागोमाग चढत होते, आणि मध्येच थांबले. उताराकडं वळून बघितलं.

"हा उतार आपसूक न्हाय झाला," ते म्हणाले. "ही मोटंची धाव हाय. इहिरीतनं मोट वढत बैल हितनं खाली जायाचं. म्हंजी विहीर वरल्या अंगाला."

त्यांनी वरच्या बाजूला पहार मारली. आवाज आला नाही. पहार हातातून सुटली आणि अख्खी आत गेली. जमिनीत मुठीएवढं काळं भोक तेवढं राहिलं.

तात्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ते हळूच पोटावर आडवे झाले. "हलू नगा कुणी," म्हणाले. मग सईकडं हात लांबवून तिला जवळ ओढलं, आणि सरपटत मागं आले. सई खिदळत होती, तिला खेळ वाटला. तात्यांनी तिला माझ्याकडं ढकललं. "लेकराला उचल, आन् आलीस तशीच मागं जा," ते म्हणाले.

आम्ही घर दुसरीकडं बांधलं. तात्यांनी नवी पहार घेतली नाही.

शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले. त्यांनी विचारलं, "त्या जागंवर कुणी घर न्हाय ना बांधलं?" मी म्हणाले, "नाही तात्या. मोकळीच आहे." त्यांनी डोळे मिटले.

मी खोटं बोलले होते. तिथं वर्षभरापूर्वीच घर उभं राहिलं होतं, रोज शाळेला जाताना मला दिसायचं. नव्या घराला नाट लावणारी बाई म्हणतील, या भीतीनं मी गप्प बसले होते. पावसाची सर आली की वर्गात फळ्यावरचा माझा हात थांबायचा.

तात्या वारले. त्यानंतर, मागच्या आठवड्यात, भरपावसात मी त्या घराचं फाटक वाजवलं. घरची सून तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन आली. मी अंगणात भिजतच सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. पण तिनं मला आत नेलं, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बाजूला केलं. मागं भिंतीला भेग होती, माझी दोन बोटं सहज जातील एवढी.

"उन्हाळ्यात चिरली असेल म्हणाले सगळे," ती पुटपुटली. "पण पाऊस सुरू झाल्यापासनं रोज वाढतीय ओ, बाई."

मी टाच आपटली. फरशीखालून पोकळ आवाज आला.

"लेकराला उचल," मी म्हणाले. "आणि आलीस तशीच मागं चल."