सावरीखालची हरिणी
माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिताना चुका होतात, पण हे कुणाला दाखवायचं नाही. आज नातीनं काटेसावरीचं लाल फूल घरात आणलं आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात गेली होती. यवतजवळच्या माळावर मी आणि आजारी सासूबाई दोघीच होतो. बांधावरच्या सावरीवर मैना, बुलबुल मध प्यायला यायचे, फुलं खाली पडायची, आणि उजाडताना एक हरिणी येऊन ती खायची. दिवसभरात मान वर करून माझ्याकडे बघणारी तेवढीच. तिला पोटभर मिळावं म्हणून एकदा मी आकडी घेतली, मेंढरांना पाला पाडतात तशी सगळी फुलं पाडली आणि ढीग लावून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं येडे, ती काय आपलं मेंढरू हाय व्हय? माणसाचा वास आला की तोंड लावायची न्हाई." हरिणी आली, लांबूनच हुंगलं आणि माळाकडे पळाली. झाडावर फूल उरलं नव्हतं, मग पाखरंही येईनात. ढीग काळा पडेपर्यंत मी रोज उंबऱ्यात बसून वाट पाहिली. आता घर माणसांनी भरलंय. तरी सावर फुलली की मला पहाटे जाग येते, पण मी दार उघडत नाही. कुणी आलं असेल तर निवांत खाऊ दे.