गनीभाईंचं नरम शिसं

शिसं ओळखायला गनीभाईंना अंगठ्याचं नख पुरतं. तुकड्यावर नख ओढायचं. ओरखडा उठला तर शिसं नरम, नख घसरलं तर कडक. इथं अमिरातीत खोर फक्कानच्या मच्छीमारांकडून जुन्या जाळ्यांची वजनं येतात, ती नरम. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं कडक. ती गोळा करत फिरायचं काम माझं, कारण मी ड्रायव्हर. माझं नाव नागेश, गाव चिपळूणजवळ. गनीभाई गुहागरकडचे, म्हणजे तसे शेजारीच. पण माणूस एवढा कमी बोलतो, की दोन वर्षं मला ते मराठी बोलतात हेच कळलं नव्हतं. मी आपला हिंदीची वाट लावत बसलो होतो.

आमचे अरबाब, म्हणजे मालक, खलफान. अल ऐनला त्यांचं छोटंसं वर्कशॉप आहे. बापआज्यांच्या जुन्या रायफली, सगळ्या परवान्याच्या, तिथं दुरुस्त होतात. असल्या रायफलींना बाजारातली तांब्याच्या कवचाची गोळी मानवत नाही, नळी खरवडून निघते. त्यांना हाताने ओतलेली शिशाचीच गोळी लागते, आणि ती ओतावी गनीभाईंनी. त्यांच्या वडिलांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. हे काम ते तिथं शिकले.

थंडीत एकदा अरबाबांच्या मेहुण्याच्या फार्मवर जायचं, हा आमचा रिवाज. तिथं हरणं पाळलेली आहेत. कळप फार वाढला की परवानगी काढून थोडी कमी करतात. त्यातलं एक अरबाब आपल्या वडिलांच्या रायफलीनं मारतात. मग भाताचा मोठा थाळ, त्यावर ते मटण, आणि अरबाबांपासून माळ्यापर्यंत सगळे एकाच थाळाभोवती बसतात. फक्त गनीभाई नाही. ते सगळ्यांना कहवा देतात, खजूर खातात आणि उठतात.

कारण सरळ आहे. गनीभाईंच्या गावात असं मानतात, की गोळीनं मेलेलं जनावर खायचं नाही. ते जिवंत असताना सुरी फिरली तरच हलाल. अरबाबांकडे बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला की झालं. कुणी कुणाला चूक म्हणत नाही. पण अरबाबांना ते लागायचं. गोळी याची, आणि हाच थाळावर नाही! एकदा गाडीत मला म्हणालेही, की माझ्या बापाच्या थाळावर मी याला एकदा तरी बसवणार. मी मान डोलावली. पगार देणाऱ्या माणसापुढे आणखी काय करणार?

यंदा गनीभाईंचं खलास. व्हिसा संपतोय, डोळे अधू झालेत, घरून सुरैय्याभाभी रोज फोनवर या म्हणतात. म्हणजे ही शेवटची थंडी. अरबाबांनी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की या वेळी गोळी कडक शिशाची कर. कडक गोळी आरपार जाते, हरीण पडतं पण लगेच मरत नाही. तू सुरी घेऊन जा, तुझ्या पद्धतीनं कर आणि माझ्याबरोबर जेव. गनीभाई म्हणाले, इन्शाल्ला. इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, हे इथं कुणी विचारत नाही.

मी टायरवाल्याकडून वजनं आणली. गनीभाईंनी माझ्यादेखत ती वितळवली, गोळ्या ओतल्या, काडतुसं भरली. मला बरं वाटलं. म्हातारे दोघं एकदाचे जेवतील एकत्र.

फार्मवर सकाळी गनीभाईंनी खिशातून दोन काडतुसं काढली. एकाच्या तोंडावरच्या शिशावर नख ओढलं, ते घसरलं. दुसऱ्यावर ओढलं, ओरखडा उठला. पहिलं त्यांनी खिशात टाकलं आणि ओरखड्याचं अरबाबांच्या हातात दिलं. मी पाहत होतो. आता आली का पंचाईत? बोलावं तर गनीभाई अडकणार, गप्प बसावं तर अरबाबांचा एवढ्या वर्षांचा हट्ट वाया जाणार. मी गप्प बसलो. मला त्या वेळी गनीभाईंचा खरंच राग आला.

अरबाबांचा नेम अजून चांगला आहे. गोळी सुटली आणि हरीण जागच्या जागी बसलं. गनीभाई सुरी घेऊन निघाले होते, पण धावले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ते मेलेलं होतं. अरबाब म्हणाले, नशीब, आणि गनीभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. गनीभाईंनी मान खाली घातली.

मांस कापताना आचाऱ्याला गोळी सापडली. कडक असती तर आरपार गेली असती. ही खांद्याच्या हाडाशी अडकून भजीसारखी चपटी झाली होती. अरबाबांनी ती धुवून घेतली, तळहातावर उलटीसुलटी केली. मग सगळ्यांसमोर म्हणाले,

"गनी, एवढं एकच मागितलं होतं."

गनीभाई म्हणाले, "अरबाब, कडकही केली होती, खिशात आहे. सकाळी तुमच्या हातात द्यायला गेलो, हात पुढे झाला नाही. आमच्या गावात मी कडक गोळी लागलेलं भेकर पाहिलंय. सुरी पोचेपर्यंत ते जिवंत असतं हे खरं, पण कसं जिवंत असतं, ते सांगू नये. माझ्या एका घासासाठी त्याला तसं ठेवायचं?"

अरबाबांनी गोळी खाली ठेवली. मेहुणे काहीतरी बोलायला गेले, त्यांना हातानं थांबवलं. मला वाटलं, आता गनीभाईंना ओरडतील. जाता जाता शिव्या खाऊन जाणार बिचारा.

थाळ आला. वाफा, केशर, मटणाचे मोठे तुकडे. सगळे बसले. गनीभाई कहव्याची सुरई घेऊन उभे राहिले. अरबाबांनी थाळाला हातच लावला नाही. मला म्हणाले, गाडीत याचं जेवण असेल, ते आण.

होतं. स्टीलचा डबा, भात आणि बांगड्याचं कालवण, आदल्या दिवशीचं. त्यातला अर्धा वाटा माझा होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी डबा आणून ठेवला. अरबाबांनी बाजूला चटई ओढली, गनीभाईंना मनगटाला धरून बसवलं, बिस्मिल्ला म्हणून बोटं भातात घातली. कालवण तिखट होतं. अरबाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक लाल झालं. गनीभाई राहू द्या म्हणत होते. अरबाब ऐकेनात. त्यांनी काटा काढून बांगड्याचा मोठा तुकडा गनीभाईंच्या बाजूला सरकवला आणि गनीभाईंनी तो खाल्ला.