बूड काही ठरेना

दिवाळे गावच्या जानू कोळ्याचं डोकं फिरलं होतं, आणि त्याला कारण होती दोन होड्यांची बुडं.

झालं होतं असं, की साठ सालानंतर खाडीत इंजिनाच्या होडीची हवा सुरू झाली आणि गावच्या मच्छीमार सोसायटीनं दोन लहान होड्या आणल्या. इंजिन दोन्हींना सारखंच. फरक काय तो खाली. एकीचं बूड पाटासारखं सपाट, दुसरीचं निमुळतं, पाणी चिरत जाणारं. पहिली निवड वयानं मोठ्या जानूची, उरेल ती गावातल्याच दुसऱ्या कोळ्याची, गोवर्धनची. अमावास्येपर्यंत काय ते सांगायचं. असा मान मिळाल्यावर माणसानं खूश व्हावं की नाही? पण जन्मभर वल्ही मारून खांदे झिजवलेला हा बाप्या रोज सकाळी एक होडी पक्की करायचा आणि जेवायच्या आत दुसरी.

गोवर्धन म्हणे, "जानूदादा, खाडीत मासली रायली नाय. भायेर दर्यात जायाचं तर चिरत्या बुडाची घे. लाटेवर सपाट बूड आपटून तुजी कंबर मोडल." खरंच होतं. जानूलाही आतून तीच हवी होती. खाडीतल्या बोईटांसारख्या बारक्या मासळीला तो विटला होता. मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या होडीतून बाहेरचा रावस आणायचा होता त्याला. तेवढ्यात नामा सुतार म्हणाला, "आनि ओहोटीला? ती लांबच रुतल, चिखलात कलती पडल. सपाट होडी पार बांधापावेतो येते." झालं! तेही खरं.

मग जानूनं दोन्ही होड्या चालवून पाहिल्या. कधी, तर भर भरतीला! दोन्ही सारख्याच पळाल्या. अरे शहाण्या, भरतीला तर माठसुद्धा तरंगतो! जास्तच गोंधळून तो घरी आला.

खरं तर ओहोटीचं काम जानूचं नव्हतंच. होडी चिखलाशी अडली की त्याची बायको, धोंडूबाई, मांडीभर चिखल तुडवत होडीपाशी यायची, भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची आणि तशीच परत. घरात ठरलेलंच होतं: पाण्यावरचं तो बघणार, तिनं बोलायचं नाही, मासळी पाटीत पडली की ती बघणार, कुणाला विकली, काय भावानं, त्यानं विचारायचं नाही. लग्न झाल्यापासून ही हद्द कुणी ओलांडली नव्हती. गेल्या हिवाळ्यात चिखलात तिचा गुडघा पिरगळला. तेव्हापासून ती लंगडायची, आणि विचारलं की "काय नाय" म्हणून उडवून लावायची.

आता होडी म्हणजे पाण्यावरची गोष्ट, तिला विचारायची सोय नाही. पण गुडघा तर तिचा! सपाट घेतली तर रावस गेला, चिरती घेतली तर बायकोचा पाय गेला. जानू पार भंजाळला. हिनं नुसता एक शब्द टाकला असता तर आपण सुटलो असतो, असं वाटून त्याला तिचाच राग यायला लागला.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी धोंडूबाई भाकरी टाकत होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"अगो, पानी माजं, बाजार तुजा. मग मधला चिखल कोनाचा?"

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"आजपावेतो माजाच व्हता की," ती म्हणाली. "तुमी कवा इचारलंत?"

आणि पदर तोंडाला लावून ही खमकी बाई ढसाढसा रडली. भाकरी करपायला लागली, ती त्यानं उलटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सपाट बुडाची होडी मागितली. वाईट वाटलं, नाही कसं? गोवर्धन चिरती होडी घेऊन बाहेर निघाला तेव्हा जानूनं तिकडं पाठच केली.

पहिल्याच ओहोटीला होडी वीतभर पाण्यातून वाट काढत बांधाला येऊन टेकली. धोंडूबाईनं सवयीनं लुगडं आणखी वर खोचलं आणि बांधावरून पाय खाली टाकला.

"अगो, वरच थांब!" जानू खेकसला, आणि पाटी उचलून त्यानं तिच्या हातात दिली.

ती कोरड्या पायांनी बांधावर उभी होती, हातात भरलेली पाटी, आणि बराच वेळ तिला निघायचंच सुचेना.