अक्काच्या हौदातले कोमट पाणी

माघातल्या दुपारी छतावरच्या काळ्या नळ्यांतून उतरणाऱ्या पाण्याला तापलेल्या रबराचा किंचित वास येतो. रामनगरच्या आमच्या परसातल्या हौदात ते पडू लागले, की माझी थोरली बहीण, अक्का, पायरीवर बसून त्याच्याकडे एकटक बघत राही. लहानपणी दिग्गीकडे काळी नदीत प्रवाहाच्या उलट पोहणारी ती; आता दोन्ही गुडघे धरलेले, म्हणून माझ्याकडे राहायला आलेली. गार पाण्यात पाऊल घातले की कळ मस्तकात जाते. कोमट पाण्यात चालायला डॉक्टरांनी सांगितले, म्हणून हा सोळा हजार लिटरचा हौद, त्यातलेच पाणी छतावरच्या नळ्यांतून फिरवणारा एक पंप आणि माथ्यावरचा सूर्य!

पण आम्ही हंड्याखाली जाळ घालून न्हाणारी माणसे. पाणी तापले की नाही, हे आम्हाला हातच सांगतो. मी नळ्यांकडे जाणाऱ्या पाण्याची झडप इतकी आवळली, की वीस लिटरची बादली भरायला अडीच मिनिटे लागत. धार मात्र आंघोळीसारखी गरम! केवढे समाधान वाटले! चार दिवसांत हौद चढला एक अंश.

"तम्मा, हौद तापवायलास का आपला हात?" अक्का म्हणाली. धाकट्या भावाला ती कानडीत तम्माच म्हणते.

मी झडप पूर्ण उघडली. बादली पंधरा सेकंदांत भरू लागली. धार जेमतेम कोमट. पंप तितकाच वेळ चालला, वीज जवळजवळ तितकीच लागली, तरी बाविसावरचा हौद आठवड्यात अठ्ठावीसला पोचला. थोडी थोडी ऊब घेऊन भराभर उतरणारे पाणीच छतावरची उष्णता खाली आणते. रेंगाळलेले पाणी स्वतः तापते आणि मिळवलेले वाऱ्याला देऊन बसते. वर्षातून एकदा उळवीच्या जत्रेत भेटून मी अक्काला जो उमाळा दाखवत आलो, त्याचीही धार अशीच गरम आणि बारीक नव्हती काय?

काल ती उतरली. छातीभर पाण्यात काठ धरून चार पावले चालली आणि थांबली.

"कोमट हाय रे. पर ह्ये पाणी कुठंच जात न्हाई."

"आता नदी आणू व्हय?" मी चिडलो.

"आण की!"

चार वाजता सागवानाची सावली नळ्यांवर आली. यापुढे पंप चालवणे म्हणजे नुसती वीज जाळणे. रोज मी याच वेळी बटण बंद करतो. काल मी छताकडची वाट बंद केली आणि सगळे पाणी सरळ हौदाकडे सोडले. वर चढण्याचे कष्ट वाचले, तशी धार दणकन वाढली. अक्का चाचपडत धारेच्या तोंडाशी गेली. मग तिने काठ सोडला, आणि धारेच्या उलट हात मारत, जागच्या जागी, ती पोहू लागली.