सुट्टीचा जाहीरनामा

एक मेला कामगारांनी काम करायचं नाही, हे पालिकेला इतकं मनापासून पटलं होतं, की तेवढं सांगायला तिनं सगळ्या कामगारांना सकाळी सहालाच कामावर बोलावलं.

जगदेवी बावीस वर्षं पालिकेची झाडलोट करत होती. मैदान झाडून, खुर्च्या मांडून झाल्यावर तिला कळलं, यंदाची 'आदर्श कामगार' तीच. ऐकून तिनं आधी घड्याळ पाहिलं. तिला साडेनवाची एसटी धरून उदगीरला जायचं होतं. भावाच्या घरी अकरा वर्षांनी पाळणा हलला होता, मुलगी झाली होती. बाराला बारसं, आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या एकुलती एक, जगदेवी. सुट्टीच्या भरवशावर तारीखही तिनंच धरलेली.

"सायेब, मला सोडा की. शाल घरी धाडा."

"सत्काराला सत्कारमूर्तीच न्हाई, आसं कुठं आस्तंय का बाई?" हेडक्लार्क साहेबराव कळवळून म्हणाले. "धा मिन्टात पाव्हणे येतेत. आन् गेलाव तर गैरहजेरी लागंल."

सुट्टीच्या दिवशीची गैरहजेरी! जगदेवीनं एसटी सोडून दिली.

पाहुण्यांची दहा मिनिटं साडेअकराला भरली. मग जाहीरनाम्याचं वाचन. 'श्रमिक हा राष्ट्राचा कणा असून आजचा दिवस त्याने कुटुंबासमवेत आनंदात घालवावा.' हे वाक्य पाहुण्यांना एवढं आवडलं, की त्यांनी ते दोनदा वाचलं. कणा बिचारा उन्हात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बाराच्या उन्हात जगदेवीच्या अंगावर लोकरी शाल पडली, डोक्यावर फुलं उधळली गेली, हातात नारळ आला, आणि कमरेचा फोन वाजला.

"अक्का, बाया खोळंबल्यात. कुठं हाईस?" भाऊ विचारत होता.

"दोन शब्द बोला बाई," म्हणत साहेबरावांनी माईक पुढं केला.

जगदेवीनं नारळ पाहुण्यांच्याच हातात दिला. "लेकराच्या कानाला फोन लाव," असं भावाला सांगितलं आणि माईकसमोरच ओरडली, "कुर्रर्र! सुकन्या!"

लोकांना वाटलं, घोषणाच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनीही नारळ काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

फोनमधून लेकराचं रडणं ऐकू आलं. त्याला उचलून घ्यायला आत्या तिथं नव्हती. जगदेवीला ते फार लागलं. डोळे तिनं सत्काराच्या शालीनंच पुसले.

"लई भारी बोललाव," साहेबराव हळूच म्हणाले. "आता तेवढी फुलं झाडून घ्या, आन् मंग सुट्टी."